टपरीची खिडकी

भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, मिस्त्री टपरीवर चढली आणि पाटीचा शेवटचा स्क्रू काढून पाटी खाली टाकली. 'गरजू विद्यार्थ्यांसाठी मोफत भोजन' ही अक्षरं मातीत उपडी पडली.

गेटवरचे मामा धावत आले. "अगं, कालच तर लावली ऑफिसनं! साहेब विचारतील तेव्हा काय सांगू?"

"मी काढली म्हणून सांगा. नावानिशी सांगा."

"तुझं नाव तरी कुठं ठाऊक आहे कुणाला," मामा पुटपुटले आणि ऑफिसकडे वळले.

ते खरंच होतं. ती डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला होती, पण सदा हातात करवत नाहीतर पाना, म्हणून सगळं कॉलेज तिला मिस्त्रीच म्हणायचं. ही टपरीही तिनेच उभी केली होती. लाकूड परीक्षा हॉलच्या अडगळीतल्या मोडक्या बाकांचं. छपरावर सोलर पॅनेल, त्यावर आतला छोटा फ्रिज चाले. हात धुण्याच्या नळाचं पाणी वर्कशॉपमागच्या वाफ्याला जाई, वाफ्यातला पाला भाजीला, आणि भाजीची देठं पुन्हा वाफ्याला. कॅन्टीनच्या काकू पातेल्यात राहिलेलं, कुणी हात न लावलेलं जेवण एरवी टाकून द्यायच्या. आता त्या ते स्टीलच्या डब्यांत भरून इथे आणायच्या आणि आत बसून छोट्या खिडकीतून द्यायच्या. ज्याला हवं त्याने डबा न्यावा आणि धुऊन आणून द्यावा, एवढाच नियम.

सगळं जुळून आलं होतं. फक्त खायला कुणी येत नव्हतं. पैज लावून दोघंचौघं खिदळत आले, तेवढेच. काकू रोज भरलेले डबे परत नेत आणि विचारत, "उपाशी पोरं आहेत तरी कुठं गं तुझी?"

त्यातली एक कुठे आहे, ते मिस्त्रीला पक्कं माहीत होतं.

काडी तिची रूम पार्टनर. हे नाव पहिल्या वर्षी नुसतं थट्टेनं पडलं होतं. तिसऱ्या वर्षापर्यंत ती खरोखरच तशी झाली. वडिलांचं काम सुटल्याचं तिने कुणाला सांगितलं नव्हतं. मेस बंद केली आणि 'डाएट' सुरू केलं. जेवणाच्या वेळेला ती तांब्याभर पाणी पिऊन भिंतीकडे तोंड करून पडायची. आईचा फोन आला की आवाज मात्र खणखणीत. "जेवले गं आई, पोट फुटेस्तोवर!" एकदा लायब्ररीच्या पायऱ्यांवर ती चक्कर येऊन पडली आणि उन्हाला दोष देऊन मोकळी झाली. त्याच आठवड्यात मिस्त्रीने खुर्च्यांचा जुना प्रोजेक्ट फाडून टाकला आणि टपरी हाती घेतली.

अपेक्षेप्रमाणे बोलावणं आलं. कुलसचिव माणूस वाईट नव्हते. त्यांनी आधी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

"ज्या मंडळींनी फ्रिज दिला, त्यांना कळायला नको, कोण खातं ते? पाटी पुन्हा लागेल. आणि कॉलेजचं कार्ड दाखवल्याशिवाय डबा मिळणार नाही."

"कार्ड मागितलं तर कुणी येणार नाही, सर."

"आताही कुणी येत नाही."

हे मिस्त्रीला झोंबलं.

"खरं सांगू का? आपल्याकडे पोरं उपाशी राहतात, हेच मला पटत नाही," ते म्हणाले. "तू मला एक नाव सांग. एकच. पाटीही नको, कार्डही नको. टपरी आहे तशी राहील."

नाव जिभेच्या टोकावर आलं होतं. मिस्त्रीने खिशातला स्क्रू मुठीत घट्ट आवळला.

"नाही सांगणार."

"म्हणजे कुणी नाहीच."

"नाही असं कुठं म्हटलं मी? सांगणार नाही म्हटलं."

साहेबांनी ग्लास स्वतःकडे ओढून घेतला. "मग उद्या सकाळी टेम्पो येईल."

"येऊ दे. मीही तिथेच असेन."

संध्याकाळी ती खोलीवर आली तेव्हा काडी खाटेवर मांडी घालून बसली होती. हॉस्टेलमध्ये बातमी कधीच पसरली होती.

"साहेबांनी नाव विचारलं म्हणे."

"मी सांगितलं नाही."

"कुणाचं? माझं?"

मिस्त्री टेबल आवरायला लागली. टेबल आवरलेलंच होतं.

"वर्षभर ठोकाठोकी चाललीय तुझी. माझ्यासाठी ना?"

"तुझ्यासारख्या सगळ्यांसाठी."

"माझ्यासारखी तुझ्या शेजारच्या खाटेवर झोपते. एकदा तरी विचारलंस तिला?"

"तुला लाज वाटेल, म्हणून…"

"तेही तूच ठरवलंस!" काडीचा आवाज चढला. मग ती म्हणाली, "मी गेले होते. पहिल्याच दिवशी. तशीच परत आले."

"त्या मेल्या पाटीमुळे…"

"पाटी तेव्हा होती कुठं? खिडकीमुळे. केवढीशी आहे ती, कमरेएवढी! मान खाली घालायची, हात आत सारायचा आणि डबा मागायचा. मी माझ्या बापापुढंसुद्धा कधी अशी वाकले नाही."

मिस्त्रीच्या कानशिलांना चटका बसल्यासारखं झालं. ती खिडकी तिने मुद्दाम तेवढी बुटकी ठेवली होती. देणाऱ्याला घेणाऱ्याचा चेहरा दिसू नये म्हणून. डिझाइनच्या सरांनी भर वर्गात त्याच खिडकीचं कौतुक केलं होतं, आणि ती दिवसभर हवेत होती.

तिने खाटेखालून करवत ओढून काढली.

"किती उंच पाहिजे?"

काडी उठून उभी राहिली. कोपर दुमडून तिने हात हवेत धरला. "इथं. आणि चांगली रुंद. समोरचीचं तोंड दिसणार नसेल तर मला तिचा डबा नको."

सकाळी टेम्पो आला तेव्हा मिस्त्रीच्या केसांत लाकडाचा भुसा होता आणि करवत फळीत अर्ध्यावर गेली होती. मागोमाग साहेब आले. बघता बघता लायब्ररीच्या पायऱ्या भरल्या.

"हे काय चाललंय?"

"खिडकी मोठी करतेय, सर."

"जी टपरी आता जाणार, तिची?"

"हो."

ती करवत चालवतच राहिली. टेम्पोवाला दोर हातात धरून मजा बघत उभा होता. तेवढ्यात गर्दीतून काडी पुढे आली. केस विंचरलेले, ओढणी नीट खोचलेली.

"साहेब, तुम्हाला नाव हवं होतं ना?"

तिने आपलं पूर्ण नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, वर्गासकट. शेवटच्या पायरीवर बसलेल्यालाही ऐकू जाईल असं. "रात्री मी जेवत नाही. सकाळीही बरेचदा नाही. ते डाएट नाही." पायऱ्यांवर कुणीतरी हसायला लागलं आणि मधेच थांबलं. "लिहून घ्यायचं तर घ्या. पण कार्ड मी दाखवणार नाही."

साहेबांचा हात खिशातल्या पेनापर्यंत गेला होता. तो तिथेच राहिला.

करवत शेवटची फिरली आणि फळी निखळून खाली आली. आत डबे लावत असलेल्या काकू उजेडाने दचकल्या. आजवर त्यांचे नुसते हात दिसायचे. आता अख्ख्या काकू दिसल्या, कपाळावरच्या घामासकट.

काडीने दोन्ही कोपरं खिडकीच्या फळीवर टेकवली.

"काकू, आज काय आहे?"

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. जरा वेळच पाहिलं. मग त्या नेहमीच्या घाईत म्हणाल्या, "भात आहे, पालेभाजी आहे. अंडी थोडीच उरलीत, पटकन सांग."

"अंडं द्या."

तिने डबा तिथेच उघडला आणि सगळ्यांकडे तोंड करून, उभ्या उभ्या खायला लागली. पायऱ्यांवरून एक मुलगी कपडे झटकत उठली आणि तिच्या मागे येऊन उभी राहिली. मग आणखी एक. मग तिघंचौघं एकदम. त्यातलं खरं भुकेलं कोण आणि नुसतं सोबतीला आलेलं कोण, काही कळत नव्हतं.

"साहेब, उचलायची का?" टेम्पोवाल्याने विचारलं.

साहेब रांगेकडे बघत होते. "जेवू दे आधी त्यांना," ते म्हणाले आणि रांगेची वाट मोकळी करत बाजूला झाले. टेम्पोवाल्याने दोर मागे टाकून दिला.

काडीने दुसरा घास घेतला, चावला, आणि खिडकीकडे वळली.

"काकू, मीठ कमी आहे," ती मोठ्यांदा म्हणाली.