चार खणांचा फळा

"आधी ओलं फडकं, मग कोरडं. वरून खाली पुसायचं, गोल गोल नाही. गोल पुसलं की कालचं आजच्यात कालवलं जातं."

बाइंडरकाकांचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. तुम्ही म्हणाल, फळ्याला कसले आले कान? मित्रांनो, ज्याच्यासमोर उभं राहून लोक पंचवीस वर्षं मोठ्याने वाचत आले, त्याला कान फुटणारच.

मी एक जुना काळा फळा आहे. सध्या आडवा आहे. दोन लाकडी घोड्यांवर मला पालथं नव्हे, उताणं निजवलंय आणि माझ्यावर खाकी कागद पसरलाय. शिवणकाम करणाऱ्या मावशी त्यावर कापड बेततात. माझं पूर्वीचं आयुष्य मात्र उभ्याने गेलं, रस्त्याच्या वळणावर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडासमोर.

सुतारदादांनी दोन रुंद फळ्या जोडून मला तयार केलं. काळ्या रंगात वस्त्रगाळ कोळसा मिसळून तीन हात दिले. सुरुवातीला मी नव्या जावयासारखा ताठ होतो, खडू माझ्यावरून घसरायचा. काका हसले आणि म्हणाले, "राहू दे, हा रुळेल. मलाही संसारात रुळायला चार वर्षं लागली." आतून काकू म्हणाल्या, "चार? अजून रुळताय."

काकांचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं. खळीचा वास, पुठ्ठ्यांची चळत आणि पुस्तकं दाबून ठेवायचा एक लोखंडी दाब. दुकानाच्या बाहेरच्या भिंतीवर मला टांगलं. रोज सकाळी आंघोळ आणि देवाचं उरकलं की काका वर्तमानपत्र वाचत आणि माझ्याकडे वळत. चांगल्या कामालाही नेम लागतो, नाहीतर ते हौस होऊन बसतं, असं ते म्हणत. ताप असला तरी त्यांनी हा नेम मोडला नाही.

माझे चार खण पाडलेले होते. यंत्र, खेळ, देव आणि राज्य. प्रत्येक खणात वर पांढऱ्या खडूने त्या दिवसाची बातमी, खाली पिवळ्या खडूने काकांचं एक वाक्य. लोक बातमी वाचायला येत नसत, ती त्यांना घरीही मिळे. ते पिवळं वाचायला येत.

यंत्राच्या खणात एकदा बातमी होती की नवा फोन माणसाचा चेहरा ओळखतो. खाली लिहिलं होतं, "शेजारी अजून शिकत आहेत." दुसऱ्या दिवशी, यंत्र आता कविताही करतं. खाली, "वाचणारं यंत्र निघालं की आपण सुटलो."

खेळ म्हणजे पडद्यावरचे खेळ. काकांनी जन्मात एकही खेळला नव्हता, कॉलेजला जाणारी पोरं त्यांना जाता जाता बातम्या पुरवत. एका मुलाने सलग तीस तास खेळून स्पर्धा जिंकली, तेव्हा काकांनी लिहिलं, "त्याने जग वाचवलं. घरी टाकी भरून वाहिली." ते वाचून तीन आयांनी आपापल्या मुलांना कानाला धरून माझ्यासमोर आणलं.

राज्याच्या खणात जास्त गर्दी. मंत्र्यांनी तिसऱ्यांदा पक्ष बदलला, तर खाली, "चष्मेवाले म्हणतात, चौकट नवी आहे, नंबर तोच." समोरचे चष्मेवाले दिवसभर ताठ मानेने दुकानात बसले होते.

आणि देवाचा खण. तो लिहिताना काका खडू जरा हळू धरत. प्रार्थनागृहात मोठा कर्णा बसला तेव्हा लिहिलं होतं, "देवाला आधीही ऐकू येत होतं. आता पलीकडच्या इस्पितळालाही येईल." पुढच्याच आठवड्यात कर्णा लहान झाला. कोणी कोणाला काही बोललं नाही.

या फळ्याचे दोन नियम होते. पहिला असा की ज्याला एखादी ओळ टोचेल त्याने स्वतःच्या हाताने ती पुसावी. खिळ्याला ओलं फडकं टांगलेलंच असे. कारण विचारायचं नाही. पंचवीस वर्षांत सातआठ जणांनी पुसलं असेल. एकदा तर खुद्द नगरसेवक गाडीतून उतरले, त्यांनी आपल्यावरची ओळ आपल्या रुमालाने पुसली. काका म्हणाले, "साहेब, चहा घ्या. रुमाल इथे ठेवा, धुऊन पाठवतो." साहेब चहा प्यायले, आणि जाताना म्हणाले, "तशी ओळ खरी होती हो. पण घरी सासरे आलेत."

दुसरा नियम काकांचा स्वतःचा होता. ओळ कोणीही सुचवलेली असो, सुचवणाऱ्याचं नाव सांगायचं नाही. "हात माझा, म्हणजे ओळ माझी," ते म्हणत.

आता त्या दिवसाचं सांगायची वेळ आली आहे, आणि मला ते सांगताना अजून जड जातं.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शिवणमावशी फार देवभोळ्या. भोळ्या हा शब्द चुकला. फार देवाच्या. शिवताना ओठ हलत, टाक्यागणिक नाव घेत. त्यांचा मुलगा प्रार्थनागृहाच्या कार्यकारिणीत होता आणि तिथल्या फोनवरच्या गटाचं काम पाही. त्याने आईच्या फोनवर नामस्मरण मोजणारं अ‍ॅप घालून दिलं. गटात रोज सर्वांचे आकडे झळकत, कोण पहिलं, कोण दुसरं. एका दुपारी ते अ‍ॅप बिघडलं आणि सगळ्यांचे आकडे शून्य झाले. गटात हाहाकार उडाला, वर्तमानपत्रातही चार ओळी आल्या.

दुसऱ्या सकाळी मावशी दूध घेऊन येताना माझ्यासमोर थांबल्या. काका देवाच्या खणापाशी अडले होते.

"भाऊ, काही सुचत नाही वाटतं आज?"

"देवाची गोष्ट आहे ताई. हलकं लिहायचं, पण हलकट नको."

मावशी हसल्या. "खरं सांगू? मला तर बरं वाटलं. सगळी भक्ती शून्यावर आली. आता मोजायचं सोडून नुसतं नाव घेता येईल."

काकांनी डोळे मिटून घेतले क्षणभर. मग जसंच्या तसं लिहिलं, पिवळ्या खडूने, दोन ओळींत. वरची ओळ, "बरं झालं, सगळी भक्ती शून्यावर आली." खालची, "आता मोजायचं सोडून नुसतं नाव घेता येईल." माझ्या आयुष्यात माझ्यावर याहून चांगलं काही लिहिलं गेलं नाही.

थोड्या वेळाने माझ्यासमोर एक मालवाहू टेम्पो उभा राहिला. त्याच्या टपाआड माझा खालचा भाग झाकला गेला. मावशींचा मुलगा कामावर निघाला होता. त्याने रस्त्यातूनच फोन वर धरला, फोटो काढला, गटात पाठवला आणि निघून गेला. फोटोत बातमीवर ऊन चकाकत होतं आणि खालची ओळ टपाआड होती. उरली फक्त मधली. मुद्दाम केलं की घाईत, मला ठाऊक नाही. पण मी त्याला लहानपणापासून पाहिलंय. माझ्यावरूनच तो जोडाक्षरं वाचायला शिकला. घाईतच केलं असणार.

तो फोटो किती लांब गेला, ते मला कसं कळावं? मी तर खिळ्यावरून कधी हललो नव्हतो. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी नेमाप्रमाणे मला वरून खाली स्वच्छ पुसलं, तेवढ्यात चाळीसपन्नास माणसं दुकानासमोर आली. पुष्कळ अनोळखी, काही अगदी ओळखीची. त्यांत मावशींचा मुलगाही होता, जरा मागे.

"पुसा ते," एकजण म्हणाला.

"पुसलंय," काका म्हणाले. "बघा ना, फळा कोरा आहे."

मित्रांनो, मी खरोखर कोरा होतो. माझ्यावर पुसायला काही नव्हतं. आणि तरी ती ओळ प्रत्येकाच्या हातात उजळलेली होती. तिथे कोणाचं फडकं पोचणार?

"पूर्ण ओळ अशी नव्हती," काकांनी सांगून पाहिलं. "खाली आणखी होतं."

"आता खाली आणखी जोडू नका."

"कोणाच्या डोक्यातून निघालं हे? तुमच्यात एवढं धाडस नाही, काका. कोणी सांगितलं?"

काकांनी वर पाहिलं नाही. वरच्या खिडकीचा पडदा हलला होता, तो मी पाहिला. "हात माझा," ते म्हणाले.

मग त्यांना चारही खणांत लिहायला लावलं, "मी चुकलो." पिवळ्या खडूने नाही, पांढऱ्या. म्हणजे बातमीच झाली ती. चौथ्या खणापर्यंत खडू तुटला. लोकांनी त्याचाही फोटो काढला. चष्मेवाल्यांनी आपल्या दुकानाचं शटर ओढून घेतलं होतं. ज्यांनी पंचवीस वर्षं माझ्यासमोर हसून दिवस सुरू केला, त्यांतला एकही पुढे येऊन म्हणाला नाही की काल मी खालची ओळ वाचली होती. कितीतरी जणांनी वाचली होती. मी त्यांचे ओठ हलताना पाहिले होते.

काकांनी पुन्हा खडू उचलला नाही. काही दिवस मी "मी चुकलो" घेऊन तसाच लटकत राहिलो. लोक माझ्यासमोरून जाताना फोनमध्ये पाहत. खरं तर बातम्या तशाच येत होत्या. यंत्रं हुशार होत होती, मुलं जग वाचवत होती, मंत्री चौकटी बदलत होते. फक्त त्यावर चारचौघांत मिळून हसायची जागा उरली नव्हती. आता जो तो एकटा हसे, किंवा एकटा चिडे.

महिन्याभरात काकांनी दुकान आवरलं आणि काकूंसह दुसऱ्या गावी लेकीकडे जायला निघाले. सामान बांधत असताना मावशी खाली आल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या.

"भाऊ, मी सांगेन. प्रार्थनागृहाच्या येत्या बैठकीत, सगळ्यांसमोर. ओळ माझी होती म्हणून."

"कशाला ताई? तुमच्या पोराची मान खाली जाईल. फोटो त्याने काढलाय."

"माहीत आहे."

"मग राहू द्या. आता त्याचा उपयोग काय?"

"उपयोगासाठी नाही. वचन देते तुम्हाला."

काका खोक्याची गाठ आवळत राहिले. माझ्याकडे बघत म्हणाले, "याला न्या. चांगलं लाकूड आहे, बेतायला होईल."

असा मी या खोलीत आलो. आणि इथे आल्यावर मला जे दिसलं ते त्या चाळीसपन्नास माणसांपेक्षा वाईट होतं. एक चांगलं माणूस रोज थोडं थोडं खचताना दिसलं.

बैठक दर आठवड्याला असते, सकाळी दहाला. मावशी पहिल्या आठवड्यात तयार झाल्या, चपला घातल्या, जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून परत आल्या. गुडघा दुखतोय म्हणाल्या. दुसऱ्या आठवड्यात शाळेचे गणवेश तातडीचे होते. तिसऱ्यात मुलाची कार्यकारिणीत चिटणीस म्हणून निवड होती, त्या दिवशी कसं सांगणार? असे अकरा आठवडे गेले. या काळात त्यांचा रोजचा नेम एकदाही चुकला नाही. पहाटे दिवा, टाक्यागणिक नाव. मला कळेना, जिला हे जमतं तिला ते का जमू नये. मग वाटलं, देवाला दिलेला शब्द त्या मानाने सोपा. देव पंक्तीतून उठवत नाही, आणि देवाला तोंडावर टाकून बोलणारा मुलगा नसतो.

एकदा माझ्यावर कापड पसरताना त्या पुटपुटल्या, "देवा, तूच सांगून टाक ना." मग कापड न कापताच कात्री खाली ठेवली.

काल काकूंचा फोन आला. काका गेले. झोपेतच गेले. शेवटपर्यंत सकाळी वर्तमानपत्र उघडत, वाचत, घडी घालून ठेवत. हसत नसत, असं काकू म्हणाल्या.

मुलगा आईजवळ बसला. वाईट त्यालाही वाटलं होतं. "माणूस चांगला होता गं," तो म्हणाला. "एवढी एक ओळ लिहायला नको होती."

मावशी त्याच्याकडे पाहत राहिल्या. इतका वेळ, की तो उठून पाणी प्यायला गेला.

मित्रांनो, मला पुन्हा भिंतीवर टांगा, असं मी म्हणणार नाही. माझे दिवस संपले. माझा रंग उडालाय, सांधा फाकलाय, आणि ज्या हाताला माझी सवय होती तो हात आता नाही. मोठी आशाही मला नाही. पण तुमच्याकडे एक मागणं आहे. हातातला फोन वर धरण्याआधी एक पाऊल बाजूला सरका, आडोशाला काय आहे ते वाचा. आणि वाचलेलं असेल, तर ज्या दिवशी सांगायला हवं त्याच दिवशी सांगा. वस्तू मोडली तर सुतारदादा येतात. उशीर झाला तर कोणी येत नाही.

आज बैठकीचा दिवस आहे. मावशींनी पहाटेचं सगळं उरकलं. मशीनवर झाकण घातलं. इस्त्रीचं पांढरं लुगडं नेसल्या.

"आई, थांब ना, मी गाडीवर सोडतो," मुलगा म्हणाला.

"नको. मी चालत जाते."

"अगं, पण गुडघा?"

"दुखू दे."

"काका गेले म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. आता आपण तरी काय करणार?"

मावशींनी त्याच्या सदऱ्याची कॉलर सारखी केली. "तू ये मागून," त्या हळू म्हणाल्या. "आणि आज पुढे बस. माझा आवाज लहान आहे."

त्याला काही कळलं नाही. तो मोजे शोधायला आत गेला. जिन्यावर चपलांचा आवाज खाली खाली जात राहिला, शेवटच्या पायरीशी थांबला. मी वाट पाहिली. मग फाटकाची कडी वाजली.