डिक्कीत कोण बसणार हाय?

मित्रांनो, मी एक जुनी, पांढरी, छोटी गाडी आहे. जन्मले कारखान्यात, पण जगायला लागले ते लातूरच्या शोरूममध्ये. माझ्या शेजारी एक डिक्कीवाली गाडी उभी असे, लांब आणि रुबाबदार. येणारा प्रत्येक जण आधी तिच्याभोवती फिरायचा.

एके दिवशी उदगीरहून तिघं आले. धान्याच्या मोंढ्यात आडत चालवणारे मृत्युंजय, त्यांची पत्नी सत्यशीला आणि आई मल्लम्मा. मृत्युंजयना डिक्कीवालीच हवी होती. लग्नकार्यात ती शोभली असती. पण गाडी शिकणार होती सत्यशीला. मुलगी प्रियदर्शनी कुस्ती खेळायची, तिला स्पर्धांना न्यायला घरात दुसरं कुणी मोकळं नव्हतं. डिक्कीवालीत बसल्यावर मागचं टोक कुठं संपतं तेच सत्यशीलाला उमगेना. माझ्यात बसली आणि तिचे खांदे सैल झाले. मृत्युंजय मात्र अजून डिक्कीवालीचंच दार उघडून बघत होते.

तेव्हा मल्लम्मा म्हणाल्या, "डिक्कीत कोण बसणार हाय? जी चालवणार, तिला जमंल ती घ्या."

अशी मी उदगीरला आले. शिकताना सत्यशीलानं मला भिंतींना घासलं, गल्ली हसली. पण तिनं स्टिअरिंग सोडलं नाही. हळूहळू अरुंद बोळातूनही ती मला अलगद काढू लागली.

मग आला नांदेडच्या मोठ्या स्पर्धेचा दिवस; ती जिल्ह्याबाहेरच्या मुलींसाठीही खुली होती. मृत्युंजयही त्या दिवशी सोबत निघाले. सकाळी वजन द्यायचं होतं. उशीर झाला तर कुस्ती नाही. वाटेत जांब गावाच्या पुढं उसाची ट्रॉली आडवी पडली होती. पुढं ट्रक, मागं बस, वाट बंद. प्रियदर्शनी खिडकीबाहेर बघत ओठ चावत होती.

"पुढच्या वर्षी खेळंल ती," मृत्युंजय हळूच म्हणाले.

"न्हाई. आजच," सत्यशीला म्हणाली.

एवढ्याशा जागेत मागंपुढं करत तिनं मला वळवलं आणि शेतातल्या पाणंदीत घातलं. दोन्ही बाजूंनी बाभळी अंगाला ओरखडत होत्या. मृत्युंजय स्वतः खाली उतरले आणि दगड बाजूला सारत माझ्यापुढं चालू लागले. मला जपून, पण न थांबता तिनं पलीकडच्या रस्त्यावर काढलं. वजनाचा काटा उचलायच्या आत आम्ही पोचलो.

संध्याकाळी प्रियदर्शनी जिंकली. पदक गळ्यात घालून ती आली, तेव्हा मृत्युंजयनी सगळ्यांसमोर गाडीची किल्ली सत्यशीलाच्या हातात दिली. "आता ही तुझी," एवढंच बोलले.

पुढं प्रियदर्शनी शिकायला दूर गेली. सत्यशीलाचे गुडघे दुखू लागले. मी लिंबाखाली उभी राहिले. चाकांतली हवा गेली, उंदरांनी वायरी कुरतडल्या. ते दिवस फार जड गेले.

पण प्रियदर्शनी कुस्तीची मार्गदर्शक होऊन परतली. तिनं केरबा मिस्त्रीला बोलावून मला दुरुस्त करून घेतलं आणि किनवटच्या आश्रमशाळेत नेलं, तिथं ती मुलींना कुस्ती शिकवू लागली. आता तिथल्या मुली माझ्यात दाटीवाटीनं बसून आखाड्यावर जातात. परवा त्यातली एक ढाल जिंकून आली. सगळ्या जणी टाळ्या वाजवत गात होत्या आणि जंगलातला रस्ता दुमदुमत होता.

मित्रांनो, तुमच्याही दारात एखादी गाडी धूळ खात असेल. तिची हवा बघा, तेलपाणी बघा, अधूनमधून फिरवून आणा. ओरखडे आम्हाला सोसतात, खड्डे सोसतात. नुसतं उभं राहणं तेवढं सोसत नाही.