एकच गोगलगाय

व्हरांड्याच्या कठड्यावरची गोगलगाय पांढरी होती. शंखाची उंची एकतीस मिलिमीटर. सात वाजून दहा मिनिटांनी ती पागोळ्यांखाली सरकली आणि सव्वासातच्या आत शंख तपकिरी झाला. आधी टोकाकडून, मग कडेने. मी तिला उचलून टिपकागदावर ठेवलं. हवा इतकी ओली होती की शंख वाळायला पावणेदोन तास लागले. वाळल्यावर तो पुन्हा पांढरा दिसला.

चार दिवसांत ही अकरावी. एकीनेही दगा दिला नव्हता.

आमच्या सरांच्या मते या बेटावर गोगलगायीच्या दोन जाती आहेत, पांढरी आणि तपकिरी. तपकिरी त्यांचा शोध. खरं तर आमच्या विभागातली माणसं इथे नेहमी कोरड्या महिन्यांत, सुट्ट्या बघून येतात. त्यांनी काही गोगलगायी सुक्याच डब्यांत भरल्या, काही स्पिरिटच्या बरण्यांत. डब्यांतल्या पांढऱ्या राहिल्या, बरण्यांतल्या तपकिरी दिसू लागल्या. बरणीतला नमुना बाहेर काढायचा नाही हा आमच्याकडचा कडक नियम, त्यामुळे इतक्या वर्षांत एकही वाळवून पाहावी असं कुणाला सुचलं नाही. मी पाहिली, दोन वर्षांपूर्वी. शंखावर एक पातळ पापुद्रा असतो. तो कोरडा असला की पांढरा दिसतो, भिजला की पारदर्शक होतो आणि खालचा तपकिरी रंग दिसतो. एवढंच.

सर हसले होते. "अगं, स्पिरिटमध्ये राहून रंग उडाला तिचा. जिवंत दाखव, मग बोलू."

त्यांच्या नव्या पुस्तकात तपकिरी जातीचं प्रकरण आम्हा दोघांच्या नावावर आहे. छापायला जाण्याआधी माझी सही हवी. दोन वर्षं मी "बघते, सर" म्हणत दिवस ढकलले, कारण माझी नोकरी नऊ वर्षं तात्पुरती आहे आणि कायम व्हायची तर सरांचं शिफारसपत्र लागतं. शेवटी रजा टाकली आणि ऐन पावसात बोटीत बसले. सबंध बोटीत मी, कोंबड्यांच्या दोन पाट्या आणि उलट्या करणारा एक विमा एजंट.

लॉज चालवणाऱ्या मावशींनी पहिल्याच दिवशी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं होतं. "पावसाळ्यात इथे दोनच प्रकारची माणसं येतात. कामाची सक्ती असलेली, नाहीतर घरात भांडून आलेली. तुम्ही कुठल्या?"

"भांडण अजून व्हायचंय."

"मग नाश्ता पोटभर करा," त्या म्हणाल्या.

गादीला कुबट वास होता, चपलांवर बुरशी चढली होती, काडेपेटीतल्या दहा काड्यांमागे एक पेटत होती. माझी तक्रार नव्हती.

पाचव्या दिवशी सकाळी दहाला मावशींनी हाक मारली. "ताई, फोन! कुणी साहेब आहेत, माझ्यावरच ओरडतायत."

फोन स्वयंपाकघरात होता आणि वायर आखूड, म्हणून ओट्याला टेकून उभं राहावं लागलं. मावशी शेजारीच कांदा चिरत होत्या.

"काय चाललंय तुझं?" सर म्हणाले. "अकराची बोट पकड. ती चुकली तर आठवडाभर दुसरी नाही म्हणे. शुक्रवारी पुस्तक प्रेसमध्ये जातंय."

"सर, जिवंत पाहिली. अकरा पाहिल्या. वेळा लिहून ठेवल्यात, फोटो आहेत."

"पावसात कशाचाही रंग बदलतो. कपड्यांचासुद्धा."

"भिजलेल्या कपड्यांना आपण नवं नाव देत नाही, सर."

मावशींची सुरी थांबली.

"तोंड बरंच सुटलंय बेटावर," सर म्हणाले. मग आवाज मऊ झाला. मला त्यांच्या ओरडण्यापेक्षा त्या मऊ आवाजाची जास्त भीती वाटत आली आहे. "हे बघ मुली, सोमवारी तुझी फाइल समितीपुढे आहे. माझं पत्र टाइप होऊन टेबलावर पडलंय. फक्त सही राहिलीय. तू तुझी कर, मी माझी करतो. एका गोगलगायीपायी नऊ वर्षं पाण्यात घालू नकोस."

धक्क्यावर बोटीचा पहिला भोंगा झाला. खोली आवरून, चिखलातून धावत गेले असते तर अजून मिळाली असती. मावशींनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे, आणि पायाने स्टूल माझ्या बाजूला ढकललं.

मी बसले. रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"सर, तुमचं पत्र तसंच राहू द्या. मी सही करणार नाही. प्रकरणावरून माझं नाव काढा. या बेटावर एकच जात आहे, आणि हे मी माझ्या एकटीच्या नावाने छापणार आहे."