धाकटीचा आवाज

सकाळी साडेदहाला अंधेरीच्या डबिंग थिएटरमधले दिवे मालवले आणि सुगंधा परुळेकरला पडद्यावर पहिल्यांदाच स्वतःचा चेहरा दिसला. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ती थोरल्या बहिणीशी भांडत होती. आवाज नव्हता. फिल्मच्या तुकड्याची दोन्ही टोकं जोडून केलेलं लूप फिरत होतं. भांडण संपायचं आणि लगेच पुन्हा सुरू व्हायचं.

सुगंधाने हेडफोन चढवला आणि माइकसमोर उभं राहून आधी थोरलीची वाक्यं म्हटली. ती ओठांवर अचूक बसली. थोरली म्हणजे चित्रपटाची नायिका. तिला मराठी येत नव्हतं. महिनाभर तिचं सगळं मराठी सुगंधाच बोलत होती.

"ओके," काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट जयवंत म्हणाला. "आता धाकटी घे."

ती धाकटीचं पहिलं वाक्य बोलली. जयवंतने लूप थांबवलं आणि दिग्दर्शकाकडे वळला.

"साहेब, ही स्वतःशीच भांडतेय."

चंद्रप्रकाशांनी कपाळाला हात लावला. धाकटीचं काम करणारी मुलगी ऐन वेळी सोडून गेली, तेव्हा त्यांनी याच थिएटरमधून सुगंधाला उचलून कॅमेऱ्यासमोर उभं केलं होतं. नाकडोळे थोरलीच्या बहिणीचे शोभण्यासारखे होते. त्या घाईत पुढचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"चेहरा बघितला, आवाज विसरलो," ते म्हणाले. "वाट लागली."

"थोरलीला दुसरं कुणी घ्या ना."

"तिची बाकीची रिळं झालीयत, वितरकांनी ऐकलीयत. आता आवाज बदलला तर ते मला उभं करतील का दारात? धाकटीचे चारच सीन आहेत, सुगंधा."

चारच होते, पण तिचे होते. तीन वर्षं ती दुसऱ्यांच्या तोंडून बोलत आली होती. जोगेश्वरीच्या चाळीतल्या बायका तिचे चित्रपट बघून यायच्या आणि ती पडद्यावर नेमकी कुठे असते यावर वाद घालायच्या. आई म्हणायची, "आवाज तुजो आनि तोंड त्या बायचा. माका कळना नाय, कोणाक बघूचा." या खेपेला दोन्ही माझं, असं ती आईला सांगून बसली होती.

"मी वेगळा आवाज काढते," ती म्हणाली.

तिने आवाज खाली उतरवला, मग नाकात नेला, मग मालवणी हेल दिला. जयवंत हसू दाबत म्हणाला, "यार, ही तर धाकटीची सासू झाली." कुणाच्याही ओठांवर शब्द बसवणाऱ्या सुगंधाला स्वतःचे ओठ काही सापडेनात.

दुपारी धाकटीला आवाज द्यायला रत्नप्रभाबाई आल्या. पन्नाशीच्या, गोल चष्म्याच्या. लहान मुलं, नव्या सुना, जाहिरातीतल्या बाहुल्या, सगळ्यांना त्या आवाज द्यायच्या. त्यांनी लूप नुसतं बघितलं.

"इथं श्वास घेतलास, की थांबलीस गं?"

"थांबले."

"का?"

सुगंधाला विचार करावा लागला. "थोरली रडेल असं वाटलं."

"बरं," म्हणून बाईंनी चष्मा सारखा केला.

पहिलाच टेक ओके झाला. सुगंधा खुर्चीच्या कडेवर पुढे सरकून बसली होती. पडद्यावरची मुलगी तिच्या ओळखीची नव्हती. हट्टी होती, आणि हट्टाच्या मागे घाबरलेली होती. हे आपल्या चेहऱ्यावर होतं?

"परत लाव ना," ती जयवंतला म्हणाली.

"ओके झालाय."

"माहितीय. परत लाव."

पावसाळा सरता सरता वितरकांसाठी चित्रपटाची ट्रायल झाली. ती बघून शिवदास पेडणेकर नावाच्या निर्मात्याने धाकटी कोण, याची चौकशी केल्याची बातमी सुगंधाच्या कानावर आली. त्यांच्या नव्या चित्रपटाला नायिका हवी होती. सुगंधाने आईला काही सांगितलं नाही. त्याच थिएटरमध्ये ती आणखी एका नायिकेला आवाज देत होती. त्याच चित्रपटात रत्नप्रभाबाई सुनेचा आवाज करत होत्या. चहाच्या सुट्टीत ऑफिसातला फोन वाजला. जयवंतने उचलला.

"सुगंधा, पेडणेकर."

तिने ओढणीला हात पुसून रिसीव्हर घेतला. "नमस्कार."

पेडणेकरांनी आवाज लगेच ओळखला.

"अहो, थोरल्या बाई तुम्ही? आणि लोक सांगतात, यांना मराठी येत नाही. काय एकेक लोक असतात."

"नाही, मी..."

"तुमच्याशी निवांत बोलू. आधी त्या धाकटीला द्या जरा. नायिका करायचं मनात आहे तिला. चेहरा बघितलाय, पण आवाज तिचाच ना, तेवढं कानांनी ऐकून घेतो. हल्ली तोंड एकीचं असतं आणि बोलते दुसरीच. मला तसली भानगड नको."

"एक मिनिट हं," सुगंधा म्हणाली आणि तिने रिसीव्हरवर तळवा दाबला.

समोर रत्नप्रभाबाई चहात खारी बुडवत होत्या.

"काय म्हणतायत?"

"धाकटीशी बोलायचंय."

"मग बोल की."

"त्यांना तुमची धाकटी हवीय, बाई."

खारीचा तुकडा कपात पडला. बाईंनी तो चमच्याने काढून बशीत ठेवला, पदराला बोटं पुसली आणि हात टेबलावरून पुढे केला.

"फोनपुरती बोलते," त्या म्हणाल्या. "त्यांच्यासमोर जाऊन उभी राहशील, तेव्हाचं तुझं तू बघ."

तळव्याखालून पेडणेकरांचं हॅलो, हॅलो ऐकू येत होतं. बाईंचा हात तसाच पुढे होता. रिसीव्हर अजून सुगंधाकडेच होता.