शिव्यांची विनंती

सलग तिसऱ्या शनिवारी दात्या कुल्मिये आला नाही, तेव्हा शमीसला अन्न गोड लागेना.

फोनवरची ती गप्पांची खोली तिनेच सुरू केली होती, सात वर्षांपूर्वी. नाव ठेवलं होतं ‘बसल्या जागची लढाई’. चहाचा पेला समोर ठेवून देशाचं राजकारण करण्याला आम्ही सोमाली लोक असंच म्हणतो. दर शनिवारी दुपारी लेस्टरमधल्या आपल्या घरात शमीस सोफ्यावर मांडी घालून बसायची, फोन उशीला टेकवून ठेवायची आणि टोरांटो, नैरोबी, ओस्लोहून माणसं जमायची. कोणी टॅक्सीतून, कोणी फोडणी देता देता, कोणी रात्रपाळीआधी पांघरुणातून बोलायचं. एरवी आठवडाभर ती एका शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांसाठी बटाटे उकडायची. शनिवारी मात्र ती शमीस बसबास. बसबास ही आमची हिरव्या मिरचीची चटणी. ती एकदा खाल्लेल्या माणसाला हे नाव कसं पडलं ते सांगावं लागत नाही.

कुल्मिये ओस्लोत ट्राम चालवायचा; पुढे आलेल्या दातांमुळे खोलीत सगळे त्याला दात्या म्हणायचे. दोघं एकाच गावचे, एल-दीबोचे. पण कोरड्या नदीच्या या काठची ती आणि त्या काठचा तो. दोन कुळं, दोन काठांची दोन प्रांतिक सरकारं, एक विहीर, आणि तालुका कोणाचा यावरून आजोबांच्या काळापासून चाललेलं भांडण.

“तुमच्या काठावर मंत्री इतके झालेत म्हणे,” शमीस म्हणायची, “की खडा भिरकावला तर उपमंत्र्यालाच लागतो.”

“खडा तरी आमचा आहे ना, ताई? तुमच्या सरकारचा जनरेटरसुद्धा भाड्याचा. डिझेल संपलं की स्वायत्तता संपली.”

“दात्या, तोंड मिट. इथवर वारा येतोय.”

लोक हसून लोळायचे. खोलीत दीडदोनशे माणसं जमायची ती या दोघांसाठीच. तो नसला की नुसती भाषणं व्हायची आणि माणसं एकेक करून निघून जायची.

“तो तुझा वैरी आहे की माहेरचा?” रोब्लेने विचारलं. रोब्ले तिचा नवरा, कुळाने तिसराच, त्यामुळे दोन्ही काठांना सारखाच नावडता. “तीन आठवडे झाले, तू भांडी आपटतेस.”

“आजारी असेल, एवढंच म्हणाले मी.”

“आजारी असेल तर तुमची बाजू जिंकली. पेढे वाट.”

उठून तिने आधीच पुसलेला ओटा पुन्हा पुसला.

सोमवारी फोटो आला. एकाच दिवसात तो सगळ्या ग्रुपवर फिरला. एल-दीबोतल्या बाभळीखाली कुल्मिये उभा होता, अंगात निळा सूट, मागे त्याच्याच चेहऱ्याचा फलक. प्रांताच्या सभेच्या जागेसाठी तो उभा राहिला होता. विमानातून उतरायचं, सूट घालायचा आणि खुर्ची मागायची, अशा लोकांना ‘विमानतळी पुढारी’ हे नाव त्यानेच दिलेलं होतं. शमीसने फोटो मोठा करून पाहिला. सुटाच्या बाह्या लांब होत्या. कोणाकडून तरी मागून आणला असणार.

त्या शनिवारी खोली तुडुंब भरली. आज बसबास दात्याची सालटी काढणार, म्हणून लोक लवकर येऊन बसले होते. सुरुवात टोरांटोच्या समतरने केली. तो तिच्याच काठचा, लांबचा पुतण्या.

“आत्या, याची आई विहिरीवर डबड्याने पाणी विकायची. आणि हा म्हणे आमदार होणार!”

“पाणी विकणं लाजेचं कधीपासून झालं रे?” शमीसच्या तोंडून निघून गेलं. “तुझा बाप पासपोर्ट विकायचा. आणि दुष्काळात कुल्मियेने पैसे गोळा करून टँकर पाठवले, तेव्हा काठ विचारला नव्हता. आपल्या लोकांनीही तेच पाणी प्यायलं. मला मत असतं ना, तर त्यालाच दिलं असतं.”

कोणीतरी म्हणालं, “आत्या, बरं नाही का?”

तेवढा तुकडा कापून कोणी कोणाला पाठवला, कोण जाणे. बुधवारी शाळेत पोरांची जेवणं उरकली, शमीस मागच्या दाराशी हवेत उभी होती, तेव्हा तिकडच्या नंबरवरून फोन आला.

“ताई, मी कुल्मिये.”

श्रोते नसताना त्याचा आवाज ती पहिल्यांदाच ऐकत होती. त्यात धार नव्हती.

“कुठे मेला होतास?”

“मेलो नव्हतो. तू मारलंस. माझ्याविरुद्ध जो उभा आहे ना, त्याने तुझं बोलणं भोंग्यावर लावलं. बाभळीखाली, सगळ्या वडीलधाऱ्यांसमोर. दोन वेळा.”

“मी चांगलंच बोलले की.”

“तेच तर. त्या काठची बाई याला मत देते म्हणतेय, म्हणजे हा विकला गेला, असं म्हणतात. मत देणारी माणसं वडीलधारेच निवडणार. काल एका म्हाताऱ्याने माझा चहा परत केला.”

“मग आता मी काय करू?”

“शिव्या दे.”

“काय?”

“नेहमीसारख्या. येत्या शनिवारी. थोड्या जास्त तिखट. दातांवर बोल, सुटावर बोल, बापावर बोललीस तरी चालेल.”

“शिव्यांची ऑर्डर देतोयस मला? सामोशांसारखी?”

“ताई, विनंती करतोय. मी घर गहाण टाकून आलोय. बायको बोलत नाही माझ्याशी.”

आतून तिला मोठ्या पातेल्यासाठी हाक आली. “बघते,” म्हणून तिने फोन ठेवला.

नंतरचे दिवस तिने कसे काढले ते रोब्लेला विचारावं. ती बसली की उठायची, उठली की कशाला उठलो ते विसरायची. एकदा तिने त्याला विचारलं, “माणूस आपल्याला शिव्या द्यायला सांगतो, म्हणजे आपल्याला काय समजतो?”

“तुला ते जमतं, असं समजतो,” रोब्ले म्हणाला. त्याने तिला बरं वाटावं म्हणूनच म्हटलं होतं. पण तिला ते बरं वाटलं नाही.

शनिवारी तिने खोली उघडली. ऐकणाऱ्यांच्या यादीत कुल्मियेचं नाव दिसत होतं, अगदी तळाशी. तिने घसा साफ केला आणि सुरू केलं. दातांवर बोलली, उसन्या सुटावर बोलली. लोक हसले, पण उशिरा.

“आत्या, आज चटणीत मीठ नाही,” समतर म्हणाला.

ती थांबली. तळाचं नाव तसंच होतं. तो ऐकत होता, आपली ऑर्डर नीट भरली जातेय की नाही ते बघत होता. सात वर्षं आपण या माणसाशी काय बोललो? जनरेटर, उपमंत्री, खडे.

“मीठ हवंय?” ती म्हणाली. “घ्या मग. माझा भाऊ बिही. ट्रकमधून पाणी घेऊन नदी ओलांडताना मारला गेला. गोळी कोणत्या काठावरून आली ते मला माहीत आहे आणि या कुल्मियेलाही माहीत आहे. सात वर्षं तो माझ्याशी दर शनिवारी बोलतो. माझ्या सरकारच्या डिझेलची त्याला काळजी. पण ‘शमीस, तुझ्या भावाचं वाईट झालं’, एवढं एक वाक्य त्याच्या तोंडून आलं नाही. माझी वहिनी त्याच्या टँकरचं पाणी प्यायली. कोणाचं म्हणून तिने विचारलं नाही. आणि हा आता सगळ्यांच्या वतीने सभेत बोलणार म्हणे. तुला दात मोठे दिलेत, कुल्मिये. जीभ द्यायची राहून गेली.”

कोणी हसलं नाही. तिने खोली बंद केली आणि फोन उशीखाली ढकलला.

तो तुकडाही बाभळीखाली वाजला. त्या काठाने त्यातून आपल्याला हवं तेच ऐकलं: समोरची बाई जळतेय, म्हणजे आपला माणूस खरा. पुढच्या आठवड्यात कुल्मिये निवडून आला. फोन त्यानेच केला. मागे बायका आनंदाने आरोळ्या देत होत्या.

“ताई, झालो आमदार.”

“मुबारक.”

“तुझे उपकार कसे—”

“ते नाटक नव्हतं, कुल्मिये.”

“माहीत आहे,” तो म्हणाला.

“मग आभार कसले मानतोस?”

“दुसरं काय करू? त्याच बोलण्यावर निवडून आलो.”

कोणीतरी त्याला ‘साहेब’ म्हणून हाक मारली. “नंतर बोलतो,” म्हणून त्याने फोन ठेवला.

त्यानंतर तिला निरोप यायला लागले. दुसऱ्या तालुक्यांतले, कधी नाव न ऐकलेले दोन उमेदवार. एकाने अदबीने लिहिलं होतं की आपल्या मुखातून माझ्यावरही चार शब्द यावेत. तिने दोघांनाही ब्लॉक केलं. पुढच्या शनिवारी खोली उघडली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. समतरने विचारलं तेव्हा घसा बसलाय म्हणाली.

एका शुक्रवारी कामावरून आल्या आल्या तिने एल-दीबोला वहिनीला फोन लावला. कोस वहिनी, बिहीची बायको. तिच्याशी बोलायला शमीस इतके दिवस धजली नव्हती.

“ऐकलं मी,” वहिनी आपणहून म्हणाली. “पोरींनी विहिरीवर लावलं होतं.”

“राग आला, वहिनी?”

“दातांवरून बोललीस ते बरं नाही केलंस. दात अल्लाह देतो.” मग ती म्हणाली, “तो येऊन गेला परवा.”

“कोण?”

“तुझा आमदार. नदी चालत ओलांडून आला. बंदूकवाल्याला झाडाखाली ठेवलं. चहा दिला मी. बराच वेळ बसला. मला भात टाकायचा होता, तो काही उठेना. मग त्यालाही वाढला.”

“माफी मागितली?”

“नाही. दोनदा तोंड उघडलं, दोनदा चहा प्याला. अंगणात ट्रक उभाय अजून विटांवर, कोंबड्या बसतात त्यात. त्याच्याकडे बघत होता. जाताना पुन्हा येतो म्हणाला.”

“आणि तुम्ही काय म्हणालात?”

“म्हटलं, येताना बंदूकवाल्याला आणू नकोस. शेळ्या बुजतात.”

फोन ठेवल्यावर शमीस स्वयंपाकघरात नुसती उभी राहिली. बरं वाटतंय की वाईट, तिला कळेना. राग होता तिथेच होता, पण त्याला टेकायला जागा उरली नव्हती. तिने कोट चढवला आणि खाली उतरून मशिदीपर्यंत गेली, तिथून बाजारापर्यंत, काहीही न घेता परत आली. रोब्ले जेवायला थांबला होता. तिने कोट न काढताच पुन्हा फोन लावला.

“वहिनी, एक विचारायचं राहिलं. तो बसला कुठे? बिहीच्या खाटेवर?”

“नाही गं,” वहिनी म्हणाली. “मी बस म्हटलं होतं. तो खाली चटईवर बसला.”