ठोक्यांचं मशीन

"त्याला तोंडच न्हाय, तर घास कुटं घालतीस?" झोळीला झोका देत निंगव्वानं सुनेला विचारलं.

भुवनेश्वरी टेबलाखाली ओणवी होती. जुन्या प्रिंटरच्या केबलीचं टोक चांगलं दोन बोटं रुंद, आणि घरच्या कॉम्प्युटरला नुसत्या बारीक फटी.

"बसवीन अत्ती. त्या गुरुशांताच्या नाकावर टिच्चून बसवीन."

गुरुशांतच्या छपाईच्या दुकानात ती लग्नाआधीपासून कामाला होती. बाळंतपण उरकून परत गेली, तर तिच्या खुर्चीवर दुसरीच मुलगी. गुरुशांतनं कोपऱ्यातला हा धुळकट प्रिंटर पायानं पुढं सरकवला. "हे ने घरी. एका हातानं झोळी ओढ, दुसऱ्या हातानं धंदा कर की!" गिऱ्हाइकं फिदीफिदी हसली. पान्हा फुटून ब्लाऊज ओला झालेला. तशीच ती ते धूड रिक्षात घालून जुळे सोलापुरात घेऊन आली.

ते तिनं उगीच आणलं नव्हतं. ट्रान्सपोर्टवाल्या मल्लप्पांच्या बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, तीच काढायची. कागदांच्या मधे कार्बन, आणि या जुन्या प्रिंटरच्या एका ठोक्यात सगळ्या प्रती. गुरुशांतचं नवं गुळगुळीत मशीन वरचा कागद तेवढा छापतं, खालचे कोरेच राहतात, हे त्याला अजून कळायचं होतं.

नवी पेठेतून तिनं जोडवायर आणली. कॉम्प्युटर प्रिंटरला ओळख देईना. कंपनीनं नव्या कॉम्प्युटरसाठी त्याचं सॉफ्टवेअरच काढलं नव्हतं. बाळ झोपलं की ती बसे, उठलं की उठे. एकदा प्रिंटर चालला, पण कागदामागून कागद नुसती किरटी चिन्हं.

"मंत्र छापतंय काय ग?" निंगव्वा हसली.

"शिव्या छापतोय, अत्ती. मनातल्या."

शेवटी त्याच कंपनीच्या दुसऱ्याच एका मॉडेलचं नाव तिनं निवडून पाहिलं. कर्रर्र करत प्रिंटरचं डोकं सरकलं आणि ओळ उमटली. तिनं तळचा कागद ओढला. तिथंही तीच ओळ, फिकट पण पुरती. त्या कर्कश आवाजात बाळ मात्र मूठ चोखत गाढ झोपलं होतं. तिनं मल्लप्पांना फोन लावला.

मल्लप्पांचं काम तिच्याकडं आलं, आणि एका दुपारी गुरुशांत दारात उभा राहिला. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला.

"भुवनेश्वरीताई, ते मशीन परत द्या की. त्याच्या बदली कोरं देतो."

ती त्याची 'ताई' आजच झाली होती. ती बिल्ट्यांच्या कडा फाडत राहिली.

"मल्लप्पामालक आमचं लई जुनं गिऱ्हाईक हाय."

"होतं."

तो झोळीत डोकावू लागला. "पोरगी मोठी झाली की." तिनं झोळी आपल्याकडं ओढून घेतली. बसा म्हणाली नाही.

निंगव्वा सवयीनं उठली आणि पाण्याचा पेला भरून आली.

"पाणी नको, अत्ती. ते निघालेत."

"उन्हातनं आलाय ग तो."

"निघालेत म्हटलं ना."

या घरातून दारावरचा विक्रेतासुद्धा कधी कोरड्या घशानं गेला नव्हता. गुरुशांतनं पेल्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं, आणि चप्पल चाचपत जिना उतरला.

भुवनेश्वरीनं पुढचा कागद लावला. प्रिंटर ठोके मारू लागला. निंगव्वा भरला पेला धरून दारातच उभी होती. ते पाणी ती पीतही नव्हती आणि ओतूनही देत नव्हती.