विहिरीचा समझोता

"हे पुसता येत नाही, मावशी," प्राची म्हणाली.

दारव्ह्याच्या तंटा निवारण केंद्रात तुळसाबाई तिच्या टेबलासमोर बसली होती. "मीच लिवाले सांगतलं, आता मीच पुसाले सांगून राह्यली. मंग काहून नाई?"

"समझोता ब्लॉकचेनवर आहे. नोंद एकदम बऱ्याच संगणकांवर जाते. एका ठिकाणी कुणी खोडली, तर बाकीचे ती मानत नाहीत."

तुळसाबाईला हे ठाऊक होतं. म्हणून तर ती काही वर्षांपूर्वी इथं आली होती. नवरा गेल्यावर ती माहेरी परतली, वडिलांच्या शेताचे वाटे झाले आणि विहीर तिच्या वाट्याला आली. मोठा भाऊ उकंडा रोज विहिरीवर येऊन भांडायचा. गावातल्या पंचांनी लिहून दिलेला कागद मागाहून कुणीतरी बदलला. मग तिनं इथं, कुणालाच बदलता येणार नाही असं लिहवून घेतलं: उकंडानं विहिरीच्या काठावर पाय ठेवू नये.

उकंडानं अंगठा दिला आणि शब्द पाळला. शेजारच्याच शेतात तो राबायचा. तिनं हाक मारली की बैलांकडे तोंड करायचा. वहिनी गेली तेव्हा ती दिवसभर त्याच्या ओसरीवर बसून होती. तो एक शब्द बोलला नाही.

"जुनी नोंद राहीलच," प्राची म्हणाली, "पण तिच्यापुढे नवी नोंद जोडता येते. दोघांचे अंगठे लागतील."

संध्याकाळी उकंडा ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होता. ती पायरीवरच टेकली.

"दादा, ते मोडाचं हाय. चाल माह्यासंगं."

"कायले? म्या काई मोडलं काय?"

"नाई. तू काईच नाई मोडलं. मले करमत नाई रे."

त्यानं शेंगांची टोपली बाजूला सारली. मग म्हणाला, "सकाळची जीप भेटते का?"

केंद्रात नियमाप्रमाणे प्राचीनं आधी जुनी नोंद वाचली. उकंडा मान खाली घालून ऐकत होता. तुळसाबाईनं पदर तोंडाशी धरला. कागद असता तर तिनं केव्हाच चुलीत घातला असता. मग नवी नोंद वाचली गेली: दोघं भावंडं विहीर मिळून वापरतील. अंगठे झाले. परतीच्या जीपमध्ये तिच्या शेजारी जागा असूनही उकंडा मागं बसला.

त्या आठवड्यात ती विहिरीवरून हरभऱ्याला पाणी देत होती, तेव्हा तो बांधावरून येताना दिसला. ही विहीर त्यानं वडिलांबरोबर खोदली होती. पाणी लागलं त्या दिवशी चिखलानं माखलेला तोच ओरडत आधी वर आला होता आणि त्यानं "तुळशे, पाह्य!" म्हणून तिला उचलून घेतलं होतं.

काठाच्या अलीकडे तो थांबला. चपला काढून बाजूला ठेवल्या.

"पाणी घेऊ काय, तुळसाबाई?"

त्यानं तुळशे म्हटलं नव्हतं. "घे ना, दादा," ती म्हणाली. तो पाणी पिऊन होईपर्यंत ती हरभऱ्याकडे पाहत उभी राहिली.